ताशी पाच मैल

नाना कानडे सपाट रस्त्यावरही स्लीपरवरून चालल्यासारखे चालत. रुळांखालचे आडवे लाकडी स्लीपर एकेक धरून चालावं तर पाऊल आखूड पडतं आणि एक सोडून एक धरावं तर टांग ताणावी लागते. नानांनी नोकरीच्या पहिल्या वर्षात केव्हातरी आखूड पाऊल पसंत केलं आणि पुढे त्यांचे पाय तेवढेच उघडायला लागले. एरवी खाकी अर्ध्या विजारीत ते फारसं जाणवत नसे. पण सणावारी धोतर नेसून ते मारुतीला निघाले की नवख्या माणसाला वाटे, यांना कोणीतरी फार घट्ट धोतर नेसवलं आहे.

ते रुळांचे इन्स्पेक्टर होते. माझे वडील स्टेशनमास्तर. लढाईच्या दिवसांत आमची बदली राहुरीजवळच्या एका लहान स्टेशनावर झाली, तेव्हा नानांचं क्वार्टर आमच्या भिंतीला भिंत लावून होतं. मी नगरला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात राहत असे आणि सुट्टीत घरी येत असे. शाळेत मराठी बोललेलं चालत नसे आणि स्टेशनावर इंग्रजी बोलायला कोणी नसे, त्यामुळे मला दोन्ही भाषांत गप्प बसायची सवय लागली होती. नानांना अशी माणसं आवडत. घरी त्यांची बायको माई आणि मुलगी कुसुम, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. ती आणि मी अंगणात चिंचोके खेळत बसलेल्या दिसलो की नाना म्हणत, "चला, पाट्या बघायला."

म्हणजे ट्रॉलीवर बसायचं. चार चाकांची फळी, तिच्यावर बाक, बाकाला बांधलेली मोठी छत्री आणि मागून ढकलणारी दोन माणसं. पहिल्याच फेरीत नानांनी मला रुळाकडेच्या पाट्यांची ओळख करून दिली. एखादं नवीन माणूस घरात आल्यावर वडीलधाऱ्यांची करून देतात, तशी. मी पाया पडावं अशी त्यांची अपेक्षा असावी असं मला वाटलं.

पहिली पाटी पिवळी, आडवी, एका टोकाला बाणासारखी टोकदार. "ही काय सांगते?"

"हळू," मी म्हणाले.

"चूक. ही नुसतं म्हणते, पुढे काहीतरी आहे. काय आहे ते सांगत नाही. आमच्या माईसारखी. सकाळी उठल्याबरोबर म्हणते, 'अहो, बघा हं.' काय बघायचं ते मला दुपारी कळतं."

पुढे त्रिकोणी पाटी, तिच्यावर आकडा. "इथून वाद नाही. पाच म्हणजे ताशी पाच मैल. पाचाच्या आत कितीही, पाचाच्या वर काही नाही."

आणि बऱ्याच पुढे गोल पाटी, तिच्यावर इंग्रजी टी. इथे नानांनी ट्रॉली थांबवली. "खराब रूळ तर केव्हाच मागे संपला. मग ही टी एवढी लांब का रोवली?"

मला येत नव्हतं. कुसुमला पाठ होतं, पण ती बापाला त्याचं सुख घेऊ देत होती.

"इंजिन सुटलं म्हणजे गाडी सुटली असं होत नाही, पोरी. इंजिन या पाटीपाशी येतं तेव्हा शेवटचा डबा वाईट जागेतून बाहेर पडतो. तोवर ड्रायव्हरने दम धरायचा. आधीच वेग घेतला तर मागच्या डब्यातली माणसं काय म्हणतील?"

"आई गं म्हणतील," कुसुम म्हणाली.

"बरोबर. आणि ती आणखी पुढे दिसते ती मालगाडीची टी. मालगाडीचं शेपूट लांब, म्हणून तिची सुटका उशिरा."

हे ज्ञान नाना रुळापुरतं ठेवत नसत. त्यांच्या परसात विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर धुण्याचा दगड होता आणि त्याच्या आजूबाजूला कायम शेवाळ. नानांनी मोडीत निघालेल्या पाट्या आणून तिथे रीतसर रोवल्या होत्या. आधी पिवळी, मग पाचाचा आकडा, मग टी. माई त्या टीवर फडकी वाळत घालत. एकदा सत्यनारायणाला आलेले भटजी पाय धुवायला गेले आणि आकडा व टी यांच्या बरोबर मध्ये आडवे झाले. सगळे धावले. नाना सावकाश आले, भटजींकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं.

"वेग जास्त होता," ते म्हणाले.

"अहो, मला काय ठाऊक तो आकडा कसला," भटजी बसल्याजागी कण्हत म्हणाले. "मला वाटलं घराचा नंबर असेल."

पंगतीतही तेच. वाढपी पहिल्या पानापाशी बासुंदी घेऊन आला की नाना म्हणत, "आधी शेवटच्या पानावर भात पडला का बघ." शेवटचा माणूस ताक पिऊन होईपर्यंत ते कोणाला उठू देत नसत, आणि शेवटी बहुधा आमच्या स्टेशनचा सांधे बदलणारा पॉइंट्समन असे, जो जेवायला बसला की वेळेचं भान सोडून देई. मग उष्टे हात वाळवत सगळे त्याच्या ताकाच्या वाटीकडे बघत बसत. त्याला संकोच होऊन तो आणखी हळू पिई.

एकदा नाना, माई, कुसुम आणि मी नगरला टांग्याने बाजारात गेलो. माळीवाड्याकडे वळताना गटारावरची मोरी लागली आणि नानांनी टांगेवाल्याच्या खांद्यावर बोट ठेवलं. "मागे चाकं मोरीवरून उतरू देत, मग चाबूक."

पुढच्या मोरीवर पुन्हा बोट. तिसऱ्या मोरीला टांगेवाल्याने टांगाच उभा केला आणि मागे वळून म्हणाला, "सायेब, घोडं हाय ह्ये. इंजान न्हाई. त्येला मागं चाकं हाईत ह्येच ठावं न्हाई."

"म्हणून तर तुला बसवलंय ना," नाना म्हणाले.

टांगेवाल्याला हे पटलं की तो चिडला, ते कळलं नाही. पण उरलेला रस्ता त्याने घोड्याला चालतच नेलं आणि आम्ही पोहोचलो तेव्हा कापडाची दुकानं बंद व्हायला आली होती. माई म्हणाल्या, "यांच्याबरोबर कुठे निघायचं तर आदल्या दिवशी निघावं."

कुसुमचं लग्न कोपरगावच्या मुलाशी ठरलं. मुलगा शाळेत मास्तर होता, शांत होता, आणि कुसुमने त्याला पडद्याआडून बघून मला सांगितलं होतं की त्याचे कान मोठे आहेत पण चालतील. अडचण होती ती विहीणबाईंची. साखरपुड्याच्या दिवशीच त्यांनी माईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आमच्याकडे सीमांतपूजन झाल्याशिवाय मुलगा मांडवात पाऊल टाकत नाही. थोरल्याच्या वेळी मुलीकडच्यांनी गडबड केली, तर आम्ही वऱ्हाड घेऊन परत फिरलो होतो." हे त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं. माईंना त्या रात्री जेवण गेलं नाही.

मुहूर्त गोरज धरला होता, सूर्य बुडतानाचा. वऱ्हाड तिसऱ्या प्रहराच्या, मागे मालाच्या वाघिणी जोडलेल्या मिक्स गाडीने यायचं, स्टेशनाबाहेर सीमांतपूजन करायचं, आणि मालधक्क्यासमोर घातलेल्या मांडवात लग्न लावायचं. सगळं नीट बसत होतं. आणि लग्नाच्या आठवड्यात स्लीपर आले.

लढाईमुळे तीन वर्षं नवे स्लीपर मिळत नव्हते. नाना मागणीमागून मागणी धाडत होते. ते नेमके आता वाघिणीतून उतरले, आणि नानांनी दुसऱ्याच दिवशी कोपरगावच्या बाजूला, स्टेशनापासून अर्ध्या मैलावर, कुजके स्लीपर काढायला सुरुवात केली.

"आठ दिवस थांबले असते तर काही सडणार होते का?" माई म्हणाल्या. त्या तेव्हा रुखवताच्या करंज्यांना मुरड घालत होत्या.

"लग्नं दर वैशाखात असतात," नाना म्हणाले. "स्लीपर नसतात."

माईंनी ती करंजी परातीत अशी आपटली की तिचं सारण बाहेर आलं.

स्लीपर बदलले की खाली ठासलेली खडी बसायला वेळ लागतो. गाड्या वरून जाऊन जाऊनच ती बसते. म्हणून दोन्ही बाजूंनी पाट्या लागल्या. पिवळी, मग पाचाचा आकडा, मग पॅसेंजरची टी, मग मालगाडीची टी.

लग्नाच्या दिवशी दुपारी अप्पा, म्हणजे माझे वडील, ऑफिसातून बाहेर आले ते कपाळ चोळतच. फौजेची स्पेशल गाडी पुढे काढण्यासाठी मिक्स गाडी मधल्या स्टेशनात अडकवून ठेवली होती आणि ती आत्ता कुठे निघाली होती. अप्पांनी बोटांवर हिशेब केला. गाडी मुहूर्ताला जेमतेम पोहोचत होती. पण मग सीमांतपूजन बसत नव्हतं. आणि ताशी पाच मैल धरलं तर मुहूर्तसुद्धा ओढूनताणून.

माई नऊवारीचा ओचा सावरत प्लॅटफॉर्मवर आल्या. नानांनी लग्नासाठी धोतर आणि कोट घातला होता, पण दोन्ही काखांत हिरवं आणि तांबडं निशाण तसंच होतं.

"अहो, एका गाडीपुरत्या त्या पाट्या काढा."

नाना म्हणाले, "ड्रायव्हरला मागच्याच स्टेशनात सावधगिरीचा हुकूम दिलेला आहे."

"मग त्याला सांगा, हुकूम संपला. तुम्हीच लावल्यात ना पाट्या? मग तुम्हीच काढा. पोरीचं लग्न मोडलं तर स्लीपर घेऊन बसाल का?"

नानांनी रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगच्या मुकादमाला हाक मारली. म्हादू मुकादम पहार घेऊन आला. तो दिवसभर त्याच तुकड्यावर होता.

"म्हादू, खडी बसली का?"

म्हादूने माईंकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं. "बसत आलीया. इंजान जाईल जोरात, न्हाई म्हनत न्हाई म्या."

"शेवटचा डबा जाईल का?"

म्हादू पहारीच्या टोकाने माती उकरत राहिला.

"नाही काढणार," नाना म्हणाले. "त्या गाडीत जावई आहे माझा. दुसऱ्याचा असता तरी नसत्या काढल्या."

कुसुम पिवळी साडी नेसून क्वार्टरच्या दारात उभी होती आणि मी तिच्यामागे मुंडावळ्यांची परडी धरून. तिने माझा हात धरला. मग माईंनी विचारलं, "ताशी पाच मैल म्हणजे किती?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे केवढं? धावतं, का चालतं?"

"माणूस भराभर चालतो तेवढं. ड्रायव्हरने मनावर घेतलं तर आणखी हळू."

"मग मी चालते," माई म्हणाल्या. "भटजी, पूजेला चला."

असं ते सीमांतपूजन निघालं. माईंना ट्रॉली हवी होती, पण गाडी येत असताना ट्रॉली रुळावर घालता येत नाही, म्हणून सगळे पायीच. नानांनी सर्वांना रुळाकडेच्या पायवाटेने एकामागे एक चालायला लावलं. पुढे नाना निशाण धरून, मग माई पूजेचं ताट घेऊन, मग तांब्या घेतलेली मी, मग भटजी, मग म्हादू. सनईवाल्याने मात्र धावत फुंकायला साफ नकार दिला. तो सरळ गोल पाटीखाली जाऊन बसला. "तुमी या पूजा करत हितवर. म्या हितं वाजिवतो."

गाडी आली. पिवळ्या पाटीशी तिने धाप टाकली आणि आकड्याशी येऊन ती अगदी रांगायला लागली. नानांनी ड्रायव्हरला हाताने काहीतरी खुणावलं. ड्रायव्हर गोव्याकडचा, जाडजूड, नानांचा जुना ओळखीचा. त्याने ताट पाहिलं, टोपी काढली आणि वेग आणखी उतरवला. नवरदेव दारात उभा होता. त्याचे कान खरोखर मोठे होते.

"पायरीवर बसा," माई खालून म्हणाल्या. "पाय बाहेर सोडा."

"कशाला?" नवरदेव म्हणाला.

"धुवायला."

तो बसला. माई ताट सांभाळत चालू लागल्या आणि मी तांब्याने त्याच्या हलत्या पायांवर पाणी ओतू लागले. निम्मं पाणी पायांवर आणि निम्मं माईंच्या शालूवर. भटजी मागून मंत्र म्हणत पळत होते. मधूनमधून त्यांचा श्वास संपे आणि संस्कृत शब्द मध्येच तुटून पडे. पुढच्या खिडकीतून विहीणबाईंचं डोकं बाहेर आलं.

"हा काय प्रकार आहे?"

"सीमांतपूजन," माई धापा टाकत म्हणाल्या. "हीच आमच्या गावची सीमा. ओटी पुढे करा."

विहीणबाईंनी नकळत पदर पसरला आणि माईंनी चालता चालता नारळ खिडकीतून आत घातला. खण मागच्या खिडकीत एका भलत्याच बाईच्या मांडीवर पडला. तिने तो कपाळाला लावून ठेवून घेतला.

एवढ्यात पहिली टी दिसायला लागली. भटजींनीही ती पाहिली. "नानासाहेब, अहो, अजून गंध नाही, अक्षता नाहीत. ती पाटी आली की हा सुटणार."

नाना पुढूनच, मागे न बघता म्हणाले, "ती पॅसेंजरची. मागे वाघिणी जोडल्यात, मिक्स आहे. हिला मालगाडीची टी लागू. चालू द्या तुमचं."

ड्रायव्हरने इंजिनातून मान हलवली. भटजींना उभ्या आयुष्यात एवढा आनंद कोणत्या वाघिणींमुळे झाला नसेल.

गंध झालं, अक्षता झाल्या. ओवाळायच्या वेळी वाऱ्याने निरांजन विझलं. काडी पेटेना. दुसरीही पेटेना. ऊन उतरलं होतं आणि म्हादूने आपला हातकंदील नुकताच लावला होता. त्याने तो पुढे केला. "वैनी, ह्यो घ्या. दिवा तो दिवाच."

माईंनी कंदील घेतला आणि नवरदेवाला ओवाळायला सुरुवात केली. चालती गाडी, जड कंदील, त्यात त्या पार थकलेल्या. त्यामुळे ओवाळणं जरा जोरातच झालं. दुसऱ्या फेऱ्याला गाडी कचकन थांबली. भटजी माझ्यावर आदळले.

ड्रायव्हर खाली वाकून विचारत होता, "काय झालं? कोण पडलं?"

"काही नाही," नाना म्हणाले. "रुळाकडेला कोणीही दिवा जोरजोरात हलवला की थांबायचं. तुझं बरोबर आहे." मग माईंकडे वळून, "आता थांबलीच आहे तर पुरं करून घे."

माईंनी थांबलेल्या गाडीत व्यवस्थित ओवाळलं. विहीणबाई खिडकीतून हे सगळं बघत होत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण कुसुमचं सगळं तिथेच ठरणार होतं. त्यांनी मागे वळून डब्यातल्या कोणाला तरी म्हटलं, "बघितलंत? ओवाळायला गाडी थांबवली. थोरल्याच्या वेळी कोणी साधा टांगा उभा केला नव्हता."

पाटीखालच्या सनईवाल्याने गाडी थांबली म्हणून सनई लावली. सूर्य बुडायच्या आत अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकांत भटजींचा आवाज फुटत नव्हता, पण लग्न लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणी. मी सुट्टीला होते आणि फार बोलत नसे, म्हणून माईंनी मलाच पाठराखीण म्हणून कुसुमबरोबर धाडलं. सकाळची पॅसेंजर प्लॅटफॉर्मला लागली होती. डब्यात कुसुम खिडकीशी बसली, तिच्याजवळ मी. समोर विहीणबाई लाडवांचा डबा मांडीवर घेऊन. माई प्लॅटफॉर्मवर रडत होत्या. नाना कुठे दिसत नव्हते. मग ते दूर, प्लॅटफॉर्मच्या टोकाला, म्हादूशी बोलताना दिसले. आमचा डबा त्या टोकालाच होता, त्यामुळे ऐकू येत होतं.

"खडी लोखंडावानी बसली, सायेब. पहाटंपासनं दोन गाड्या गेल्या वरनं, हाललीबी न्हाई. पाट्या उपटू का?"

"एक गाडी जाऊ दे," नाना म्हणाले.

"काल म्हनला हुता, सकाळी काडू."

"आज म्हणतोय, एक गाडी जाऊ दे."

म्हादूने गाडीकडे पाहिलं. मग पहार खाली ठेवली आणि खिशातून तंबाखूची चंची काढून तो निवांत बसला. नाना पायवाटेने पुढे चालायला लागले होते.

गाडी सुटली. पिवळ्या पाटीशी मंदावली, आकड्याशी येऊन रांगायला लागली आणि नाना आमच्या खिडकीखाली आले. त्यांनी वर पाहिलं नाही. ते रुळांकडे बघत चालत होते, सांधे तपासावेत तसे.

"नाना, दम लागेल," कुसुम म्हणाली.

"पाचच मैल आहे."

थोडं अंतर तसंच गेलं.

"लोणच्याची बरणी सरळ ठेवलीस का?"

"ठेवली."

"कलंडते ती."

"हो, नाना."

"तोंडावरचा दादरा घट्ट बांधलाय ना?"

"माईने बांधलाय."

"मग घट्टच असेल."

विहीणबाई पुढे वाकून म्हणाल्या, "इन्स्पेक्टरसाहेब, वर या की. कोपरगावपर्यंत चला." नानांनी हात जोडले आणि चालत राहिले. त्यांचा कोट बगलेत भिजला होता. मग इंजिनाने लांब शिट्टी दिली आणि आमचा डबा ओढल्यासारखा पुढे झाला. नानांनी खिडकीच्या गजाला एकदा हात लावला. ते आखूड पावलांनी पळायला लागले आणि मागे पडले. कुसुमने पदर तोंडावर घेतला आणि मान आत वळवली.

"काय करतायत?" तिने पदराआडून मला विचारलं.

मी खिडकीतून बाहेर वाकून बघितलं. नाना पाटीपाशी पोहोचले होते. त्यांनी म्हादूची वाट पाहिली नाही. दोन्ही हातांनी ती गोल टी धरून ते ती हलवत होते, पायाने माती मोकळी करत होते.

"पाटी काढतायत," मी म्हणाले.

कुसुम पदर बाजूला करून माझ्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे खडी बसली होती."

ती रडता रडता हसायला लागली. विहीणबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा तिने त्यांना बरणीचं काहीतरी सांगितलं.

मी परत आले तोवर नाना नव्या तुकड्यावर कामाला गेले होते, आणि त्याच महिन्यात अप्पांची बदली झाली. त्यामुळे नानांना माझं शेवटचं बघणं ते खिडकीतलं. पाटी बराच वेळ निघत नव्हती. मग ती एकदम निघाली आणि नाना धोतरासकट खडीवर मटकन बसले. पाटी त्यांच्या मांडीवर आडवी पडली होती. वळण येईपर्यंत मी बघत होते. ते उठले नाहीत.